राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना देशाचा व्हावा: अखिल भारतीय फुटबॉल महासंघास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि कार्यकारी समितीचे सर्व सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

7 डिसेंबर 2025 रोजी गोव्यातील फातोर्ड्याच्या मैदानावर सुपर कपचा, म्हणजे क्लबांच्या राष्ट्रीय चषकाचा, अंतिम सामना झाला. एकशे वीस मिनिटांत एकही गोल झाला नाही, पेनल्टी शूटआउटमध्ये पहिल्या पाच-पाच किकनंतरही बरोबरी कायम राहिली आणि अखेर एफसी गोवाने ईस्ट बंगालवर 6-5 अशी मात करून चषक आपल्याकडे राखला. ज्यांनी तो सामना पाहिला ते शेवटच्या किकपर्यंत जागचे हलले नसतील. तरीही त्या संध्याकाळी राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना आहे हे देशातील किती फुटबॉलप्रेमींना ठाऊक होते, याचा महासंघाने शांतपणे विचार करावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. देशातील सर्वोच्च लीगचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा (आयएसएल), हंगाम तोवर सुरूच झाला नव्हता, लीग चालविण्याबाबतच्या मूळ कराराची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती आणि क्लबांच्या भवितव्याच्या चर्चेत हा सामना बातम्यांच्या कोपऱ्यात गेला. करार आणि न्यायालयीन बाबींत मी शिरत नाही. माझे म्हणणे या एका सामन्यापुरते आहे: त्याचा दिवस आणि मैदान हंगामाच्या आधी ठरलेले असावे, आणि त्या मैदानापर्यंतची वाट देशातील प्रत्येक नोंदणीकृत क्लबला खुली असावी. या दोन मागण्या मला वेगळ्या वाटत नाहीत, कारण ज्या सामन्यात आपल्या गावचा संघ कधी ना कधी पोहोचू शकतो, त्याच सामन्याच्या तारखेकडे गाव डोळे लावून बसते.

आजवरच्या तारखा एकाखाली एक लिहून पाहिल्या तर अडचण कोठे आहे ते ध्यानात येते. पहिल्या सुपर कपचा अंतिम सामना 20 एप्रिल 2018 रोजी झाला, दुसरा 13 एप्रिल 2019 रोजी. त्यानंतर तीन वर्षे स्पर्धाच झाली नाही. त्यामागे करोनाचा मोठा वाटा होता हे मान्य आहे. 2023 मध्ये कोझिकोडला 25 एप्रिल रोजी चषक पुन्हा खेळला गेला, पण पुढचा अंतिम सामना 28 जानेवारी 2024 रोजी, त्याच्या पुढचा पंधरा महिन्यांनी म्हणजे 3 मे 2025 रोजी, आणि त्याच्याही पुढचा त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाला. एकाच वर्षात चषक दोनदा दिला गेला, तर त्याआधी 2020 ते 2022 अशी तीन वर्षे तो कोणालाच मिळाला नाही. दिवाळी कधी येणार हे पंचांगात आधी लिहिलेले असते म्हणून घरोघरी तयारी होते. या चषकाच्या वाट्याला तशी तयारी कधी आलीच नाही.

2024 च्या स्पर्धेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्या वर्षीचा अंतिम सामना भारतीय फुटबॉलमधील गेल्या काही वर्षांतील सर्वांत रंगतदार सामन्यांपैकी एक होता. भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर ओडिशा एफसीने आघाडी घेतली, उत्तरार्धात नंदकुमारने ईस्ट बंगालला बरोबरी साधून दिली, मग पेनल्टीवर ईस्ट बंगाल पुढे गेला आणि भरपाई वेळेच्या अगदी शेवटी आणखी एका पेनल्टीवर ओडिशाने सामना अतिरिक्त वेळेत ओढला. तेथे 111 व्या मिनिटाला क्लेटन सिल्वाने केलेल्या गोलमुळे ईस्ट बंगालला बारा वर्षांनंतर राष्ट्रीय पातळीवरचे विजेतेपद मिळाले. या स्पर्धेचे गटसामने सुरू असताना भारताचा राष्ट्रीय संघ आशियाई चषकासाठी कतारमध्ये होता. देशातील निवडक खेळाडू परदेशात राष्ट्राचे प्रतिनिधित्व करीत असताना मायदेशी राष्ट्रीय चषक त्यांच्याविना खेळविला जात होता. हंगामात जी मोकळी जागा उरली तेथे चषक बसवला गेला, याखेरीज दुसरे कोणतेही कारण मला त्यामागे दिसत नाही. क्लबांनी, खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी ज्याला मानाचा म्हणावे तो सामना उरलेल्या जागेत बसवला जाऊ नये.

मैदानाचेही तसेच आहे. ओडिशा सरकारने कलिंगा स्टेडियम ज्या आस्थेने फुटबॉलसाठी उपलब्ध करून दिले, त्याबद्दल प्रत्येक फुटबॉलप्रेमीने कृतज्ञ राहावे. परंतु सर्व संघांना एकाच शहरात बोलावून दोन-तीन आठवड्यांत स्पर्धा उरकण्याच्या पद्धतीमुळे बहुतेक सामने रिकाम्या बाकांसमोर होतात आणि अंतिम सामना त्या शहराच्या संघाचा असेल तरच एका बाजूला गर्दी होते. गेल्या डिसेंबरात उपांत्य सामने 4 तारखेला झाले आणि अंतिम सामना 7 तारखेला. कोलकात्याहून गोव्याला यायचे तर रेल्वेने दीड दिवसाहून अधिक लागतो. आरक्षण मिळवणे, रजा मागणे आणि तिकीट काढणे हे सारे तीन दिवसांत कोणत्या सामान्य समर्थकाला जमेल? विमानाचे आयत्या वेळचे भाडे परवडणारे थोडेच असतात. ईस्ट बंगालसारख्या, लाखो समर्थक असलेल्या क्लबाला अंतिम सामना प्रतिस्पर्ध्याच्या घरच्या मैदानावर आपल्या माणसांविना खेळावा लागला, याचे मला वाईट वाटते, आणि उद्या हीच वेळ गोव्याच्या समर्थकांवर आली तरी तितकेच वाईट वाटेल.

आता वाटेबद्दल. सुपर कपला आपण बाद पद्धतीचा राष्ट्रीय चषक म्हणतो, पण 2023, 2024 आणि 2025 च्या अखेरीस झालेल्या स्पर्धांत सोळा संघ चार गटांत विभागले गेले आणि प्रत्येक गटातून एकच संघ उपांत्य फेरीत गेला. म्हणजे स्पर्धेचा मोठा भाग साखळी पद्धतीचाच होता. गेल्या ऑक्टोबरात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, दोघांचे गुण समान झाले आणि गोलफरकावर ईस्ट बंगाल पुढे गेला. कोलकात्याच्या या दोन संघांमधील चषकाचा सामना गोलफरकाने निकाली निघावा, हे 1997 ची आठवण असलेल्या कोणालाही पटणार नाही. त्या वर्षी फेडरेशन कपच्या, म्हणजे सुपर कपपूर्वीच्या राष्ट्रीय चषकाच्या, उपांत्य सामन्यासाठी सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून अधिक माणसे जमली होती, बायचुंग भुतियाने तीन गोल केले होते आणि ईस्ट बंगालने 4-1 असा विजय मिळवला होता. इतके करूनही चषक त्यांना मिळाला नाही. अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकरने त्यांना हरवले. हरला तो घरी गेला, या एका नियमामुळे सव्वा लाख माणसे मैदानावर येतात.

त्याच ऑक्टोबरातील गटात आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे महासंघाने विशेष लक्ष द्यावे. रिअल काश्मीरने माघार घेतल्यामुळे ऐनवेळी धेंपो क्लबला बोलावण्यात आले. सर्व भारतीय खेळाडू घेऊन उतरलेल्या या आय-लीगमधील, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतील, संघाने ईस्ट बंगालला 2-2 असे रोखले आणि मोहन बागानला गोल करू दिला नाही. मोठ्या क्लबांच्या आणि त्यांच्या खालच्या क्लबांच्या ताकदीत फार अंतर आहे, सामने एकतर्फी होतील, प्रेक्षक येणार नाहीत, असे सांगितले जाते. लीगच्या पूर्ण हंगामात ते अंतर दिसतेच. एका दुपारच्या सामन्यात ते पुसले जाऊ शकते आणि चषकाची सारी मौज त्या शक्यतेत आहे. 1977 मध्ये पहिल्या फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला हरवणारा संघ बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा, एका कारखान्याचा होता.

मी कोल्हापूरचा आहे, म्हणून येथले उदाहरण देतो. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे कुस्तीच्या आखाड्यातून आणि पेठेतल्या मंडळांतून मैदानावर आली. स्थानिक स्पर्धेच्या अंतिम सामन्याला राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या दुपारीच भरतात, जागा न मिळालेली पोरे आसपासच्या इमारतींच्या गच्च्यांवर चढतात, आणि कॉर्नर मिळाला की आपापल्या संघाच्या रंगाचे झेंडे घेतलेली अख्खी बाजू उठून उभी राहते. येथे हुल्लडबाजीचे प्रकारही झाले आहेत आणि त्यांचे समर्थन कोणीही करू नये. पण ज्या शहरात पेठेपेठेतील सामन्याला इतकी माणसे येतात, तेथील एकाही संघाला राष्ट्रीय चषकाच्या पात्रता फेरीचा एक सामनादेखील खेळता येत नाही. राज्यातून आय-लीग तीन, तेथून आय-लीग दोन, तेथून आय-लीग, आणि मग चषकाचे निमंत्रण आले तर आले, असा तो रस्ता आहे. त्या रस्त्यावर वर्षानुवर्षांचा खर्च पेलणारा पुरस्कर्ता लागतो आणि तो तालमींकडे नाही. त्यामुळे चांगला खेळाडू लहानपणीच शहर सोडतो. 17 वर्षांखालील विश्वचषकात 2017 साली भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. त्याच्यासारख्यांचा आम्हाला अभिमान आहे, मात्र आमचा एखादा संघच्या संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरलेला आम्हाला कधी पाहायला मिळणार? मुंबईतही आता ती परंपरा उरलेली नाही. 1891 पासून कूपरेजवर रंगणारा रोव्हर्स चषक या शतकाच्या आरंभी बंद पडला; 2003 आणि 2005 मध्ये फेडरेशन कप जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये विसर्जित झाला. मणिपूर, मिझोरम, केरळ, बंगाल येथील जिल्ह्याजिल्ह्यांत आमच्यासारखेच, किंबहुना आमच्याहून अधिक वेड असलेले क्लब असतील आणि त्यांचीही हीच तक्रार असेल.

खुल्या चषकाने काय होते हे पाहण्यासाठी युरोपपर्यंत जाण्याची गरज नाही, आशियातच जपानचे उदाहरण आहे. 1921 पासून चालत आलेल्या सम्राट चषकात तेथील 47 प्रांतांचे विजेते व्यावसायिक क्लबांबरोबर खेळतात, आणि अनेक दशके अंतिम सामना 1 जानेवारीलाच होत असे; नववर्षाचा पहिला दिवस म्हणजे चषकाचा दिवस, हे जपानी कुटुंबांना सांगावे लागत नसे. 2022 मध्ये हा चषक व्हेंटफोरे कोफू या दुसऱ्या श्रेणीतील क्लबने जिंकला, त्या हंगामात आपल्या लीगमध्ये अठराव्या क्रमांकावर राहिलेल्या संघाने. सान्फ्रेचे हिरोशिमाविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात बेचाळीस वर्षांचा हिदेओमी यामामोतो बदली खेळाडू म्हणून उतरला. वीस वर्षे तो याच क्लबकडून खेळत होता. अतिरिक्त वेळेत चेंडू त्याच्या हाताला लागून पेनल्टी दिली गेली, गोलरक्षक कावाताने ती अडवली, आणि शूटआउटमध्ये विजयाची शेवटची किक यामामोतोनेच जाळ्यात मारली. पुढच्या वर्षी कोफू आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला. आपले मैदान निकषांत बसत नसल्यामुळे त्याने घरचे सामने टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर खेळले, इतर क्लबांचे समर्थकही त्याला पाठिंबा द्यायला आले, आणि तो गटात पहिला आला. चषक जिंकून लहान क्लब आशियाई स्पर्धेत गेला तर देशाची अब्रू घालवील, ही भीती किती अनाठायी आहे, हे यावरून दिसते.

फ्रान्सची एक प्रथा मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. तेथील चषकात हजारो क्लब उतरतात, आणि लॉटरीत निघालेला संघ प्रतिस्पर्ध्याहून दोन किंवा अधिक श्रेणी खालचा असेल तर सामना त्याच्या मैदानावर होतो. 2000 साली चौथ्या श्रेणीतील हौशी खेळाडूंचा काले संघ याच स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि नाँतकडून 2-1 असा हरला. चषक स्वीकारताना नाँतचा कर्णधार लाँद्रो याने कालेच्या कर्णधाराला शेजारी बोलावले आणि दोघांनी मिळून तो उंचावला.

आपल्याकडे हे कसे जमवावे, याबद्दल माझी सूचना अशी आहे. प्रत्येक राज्य संघटनेने जिल्ह्यांमधून बाद पद्धतीची राज्य फेरी घ्यावी. संतोष चषकासाठी राज्यांचे संघ 1941 पासून एकत्र येत आहेत, तेव्हा राज्यनिहाय आणि विभागनिहाय स्पर्धा घेणे महासंघाला नवीन नाही. साधारण 32 राज्यविजेते विभागांतच दोन फेऱ्या खेळले तर आठ संघ उरतील, प्रवासाचा खर्चही आटोक्यात राहील. त्यांना आय-लीग आणि आयएसएलचे क्लब मिळाले की 32 संघांची राष्ट्रीय फेरी सहज उभी राहते, आणि तेथून पाच फेऱ्यांत विजेता ठरतो. या फेऱ्या हंगामभर विखुरलेल्या असाव्यात, लॉटरी जाहीरपणे काढावी, आणि खालच्या श्रेणीतील संघाला घरचे मैदान मिळावे. प्रकाशझोत नसतील तर सामना दुपारी घ्यावा, आमच्याकडे सामने दुपारीच होतात. प्रक्षेपणासाठी प्रत्येक मैदानावर मोठा ताफा लागतो असेही नाही; आरंभीच्या फेऱ्या दोन कॅमेऱ्यांवर मोबाइलवर दाखवल्या तरी लोक आवडीने पाहतील.

पैशाची आणि परवान्याची हरकत येईल याची मला कल्पना आहे, आणि ती खोटी नाही. चर्चिल ब्रदर्सने एप्रिल 2025 च्या स्पर्धेतून माघार घेतली, त्याआधी 2019 मध्ये आय-लीगच्या अनेक क्लबांनी बहिष्कार घातला होता. क्लबांचा चषकावरचा विश्वास डळमळला आहे. म्हणून पाहुण्या संघाचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च महासंघाने उचलावा आणि तिकीटविक्रीचे उत्पन्न दोन्ही संघांत निम्मे-निम्मे वाटावे. मोठा क्लब लहान गावी आला की एका दुपारच्या तिकिटांवर त्या लहान क्लबचा बराचसा हंगाम निघू शकतो. विजेत्याकडे आशियाई स्पर्धेचा परवाना नसेल तर ती जागा कोणाला जाईल, हेही नियमावलीत आधीच लिहून ठेवता येईल. चषक मात्र ज्याने जिंकला त्याचाच राहील. एफसी गोवाने ऑगस्ट 2025 मध्ये ओमानच्या अल सीबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीग टूच्या गटात प्रवेश मिळवला आणि त्यामुळे सौदी अरेबियाच्या अल नासरसारखा संघ फातोर्ड्यावर खेळायला आला, तो मे महिन्यात जिंकलेल्या या चषकामुळेच. या बक्षिसाचे मोल मला पुरेपूर ठाऊक आहे, म्हणूनच त्याचे नियम स्वच्छ असावेत असे वाटते.

राहिला प्रत्यक्ष अंतिम सामना. इंग्लंडच्या चषकाच्या अंतिम सामन्याला वेम्बलीचे ठरलेले मैदान आहे, पण आपल्या देशातली अंतरे पाहता एकच मैदान कायमचे ठरवणे मला न्याय्य वाटत नाही. मैदान दरवर्षी बदलावे. कधी कोलकाता, कधी कोची, कधी गुवाहाटी. ते हंगाम सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावे आणि अंतिम फेरीत यजमान शहराचा संघ आला तर खेळण्यासाठी दुसरे मैदानही त्याच वेळी ठरलेले असावे. दिवस मात्र बदलू नये. फेब्रुवारीतील शेवटचा रविवार मला सोयीचा दिसतो. बहुतेक ठिकाणी कडक उन्हाळा लागलेला नसतो, आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी फिफाने राखून ठेवलेले दिवस मार्चअखेर येतात, आणि 2024 मधला आशियाई चषकही 10 फेब्रुवारीला आटोपला होता. उपांत्य आणि अंतिम सामन्यांमध्ये निदान तीन आठवडे असावेत. दोन्ही क्लबांच्या समर्थकांना तिकिटांचा समान वाटा मिळावा, रेल्वेला विशेष गाडीसाठी महासंघानेच पत्र द्यावे, आणि त्या दिवशी देशात दुसरा कोणताही वरिष्ठ सामना ठेवू नये. पुरस्कर्त्यांच्या आणि निमंत्रितांच्या खुर्च्या किती असाव्यात हे महासंघाने ठरवावे, मात्र गोलमागच्या दोन्ही गॅलऱ्या समर्थकांसाठीच राखून ठेवाव्यात.

पुढील हंगामाचे वेळापत्रक कार्यकारी समितीपुढे येईल तेव्हा लीगच्या तारखा भरण्याआधी या एका रविवारची नोंद करावी, आणि राज्य संघटनांना राज्य फेरीबाबतचे परिपत्रक निदान सहा महिने आधी पाठवावे. पहिल्या वर्षी सर्व राज्ये तयार नसतील. जी तयार असतील त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. महाराष्ट्राने त्यांत असावे यासाठी आम्ही आमच्या राज्य संघटनेकडे स्वतंत्रपणे पाठपुरावा करू. महासंघाचा या सूचनेवर जो काही निर्णय होईल, तो कारणांसह जाहीर करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
कोल्हापूरचा एक फुटबॉलप्रेमी